इंग्रजीच्या भावी शिक्षकांना नाटक, चित्रं, डिजिटल साक्षरता शिकवून खरंच फरक पडतो का? की हे सगळं निरीक्षकांना दाखवण्यापुरतं?

पडतो. पण तुमच्या प्रश्नातला 'निरीक्षक' हा शब्द वाचला आणि लिहायला बसले.

माझा सराव पाठ होता. साध्या भूतकाळातले प्रश्न. 'डिड'नंतर क्रियापदाचं मूळ रूप, हे आदल्या तासांना फळ्यावर तीनदा लिहून झालेलं, तरी मुलं 'डिड यू वेंट' म्हणतच होती. म्हणून त्या दिवशी खांद्याला पिशवी अडकवून मी पोस्टमन झाले. तीन दिवस पत्रंच न वाटलेला पोस्टमन. वर्ग म्हणजे गाव. विचारा जाब, पण इंग्रजीत.

आधी शांतता. मग शेवटच्या बाकावरचा, हजेरीपलीकडे तोंड न उघडणारा मुलगा उठला. "व्हेअर यू वॉज?" पुढची मुलगी वळून ओरडली, "व्हेअर वेअर यू!" त्याने दुरुस्त वाक्य दुप्पट रागाने माझ्या अंगावर फेकलं. पाठोपाठ कुणाचं तरी आलं, "व्हाय डिडन्ट यू कम?" 'केम' नाही, 'कम'! मी मनातल्या मनात उडी मारली.

पाठवहीतला शेरा: 'वर्गनियंत्रण नाही. फलकलेखन नाही.' वर तोंडी, "तुम्ही शिक्षिका आहात, नटी नाही." शिक्षकाने भूमिकेत शिरून शिकवायचं हे तंत्र ज्यांच्यामुळे जगभर पोचलं त्या डोरोथी हीथकोट १४व्या वर्षी शाळा सोडून गिरणीत लागल्या होत्या आणि पुढे विद्यापीठात शिक्षक घडवत होत्या. तेव्हा ठाऊक असतं तर तिथेच ऐकवलं असतं.

पुढच्याच आठवड्यात त्याच निरीक्षकांनी दुसऱ्या एका पाठाचं तोंडभरून कौतुक केलं. चाळीस स्लाइड, उडत येणारी अक्षरं, मुलं मुकाट उतरवून घेतायत. 'तंत्रज्ञानाचा उत्तम वापर.' अहो, तो विजेवर चालणारा फळा होता!

१९९६ साली न्यू लंडन ग्रुपच्या दहा अभ्यासकांनी बहुसाक्षरतेची कल्पना मांडली, ती हेच सांगते: अर्थ नुसत्या छापील शब्दांत नसतो, चित्र, आवाज, हावभाव, मांडणी यांतही असतो. म्हणून कला आणि डिजिटल हे दोन वेगळे पेपर ठेवणंच मला चूक वाटतं. मी छात्राध्यापकांकडून दोन मिनिटांची डिजिटल गोष्ट करून घेते. स्वतःचा प्रसंग, स्वतःचा आवाज, आठ-दहा चित्रं. आवाज मुद्रित करताना एकेक जण दहादा तेच वाक्य म्हणतो. उच्चारांच्या तासाला इतक्या हौसेने कुणी बोललेलं मी पाहिलेलं नाही. शिवाय वेबसाइट पारखायला शिकवा. स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात पीएचडी झालेले इतिहासकारही देखण्या साइटला भुलले. तथ्यं पडताळणं हाच ज्यांचा व्यवसाय, ते मात्र झटकन दुसरी टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते बघत होते.

हां, रोज पोस्टमन होऊ नका. माझा खेळ जमला, कारण नियम आधी फळ्यावर झाला होता. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आणि गोंगाट खरंच होता, शेजारच्या वर्गाचा तास बुडाला.

सुरुवात कुठून करू, असंही विचारलंत. पाठ टाचणात विद्यार्थ्यांच्या कृतीचा रकाना बघा. 'ऐकतात, लिहून घेतात' याखेरीज तिथे काही आहे का?

आणि फलकलेखन नाही, हे पूर्ण खरं नव्हतं. घंटा झाल्यावर त्या मुलाने फळ्यावर जाऊन 'व्हेअर वेअर यू?' लिहिलं होतं. निरीक्षक तोवर सही करून निघून गेले होते.