कण किती, गोंगाट किती?

प्रश्न : क्रायो-ईएममध्ये (गोठवलेल्या रेणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रं घेण्याच्या तंत्रात) बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचे १,५०० मायक्रोग्राफ, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची चित्रं, घेतले (४,०९६ × ४,०९६ पिक्सेल, पिक्सेल १ अँगस्ट्रॉम, म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). पिकरला (कण शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) जुन्या संरचनेचं टेम्प्लेट, म्हणजे नमुना-चित्र, देऊन ९ लाख कण (एकेका रेणूच्या प्रतिमा) मिळाले. टूडी वर्गीकरणात (सारखे दिसणारे कण गटांत टाकून त्यांची सरासरी काढताना) बरेच वर्ग टेम्प्लेटसारखे, पण धूसर. पुढे जावं का?

उत्तर : थांबा. ९ लाख म्हणजे मायक्रोग्राफमागे ६००. तुमचा कण लांबीला साधारण १८० अँगस्ट्रॉम. तेवढे चौकोन एकाला एक चिकटवून मांडले, तरी एका चित्रात ४८४च बसतात! म्हणजे एकच कण दोनदा उचलला जातोय, नाहीतर गोंगाट उचलला जातोय. बहुधा दोन्ही.

टेम्प्लेट नुसत्या गोंगाटावर फिरवलं, तरी कुठे ना कुठे थोडंफार जुळतंच. असे जुळलेले तुकडे नेमके जुळवून त्यांची सरासरी काढली की टेम्प्लेटच परत दिसतं. क्रायो-ईएममधले संशोधक रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३मध्ये हे दाखवलं होतं : निव्वळ गोंगाटाची १,००० चित्रं आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवली, आणि सरासरीत आइन्स्टाइन उगवले.

म्हणून पहिली फेरी टेम्प्लेटशिवाय करा. कमी-जास्त डीफोकसचे (फोकस मुद्दाम थोडा हलवून घेतलेले) २०-३० मायक्रोग्राफ निवडा, लाप्लासियन ऑफ गॉसियन पिकरला (तो टेम्प्लेटशिवाय, ठिपक्यासारखे आकार शोधतो) व्यास १५० ते १८० अँगस्ट्रॉम द्या. त्यातून निघालेले चांगले टूडी वर्ग हेच टेम्प्लेट, आणि तेही २० अँगस्ट्रॉमला लो-पास करून (त्याहून बारीक तपशील पुसून). मग खरं-खोटं ओळखणं सोपं : टेम्प्लेटमध्ये नसलेला बारकावा, म्हणजे हेलिक्सच्या (प्रथिनातल्या मळसूत्री भागांच्या) रेघा वगैरे, सरासरीत उमटला तर तो कणांमधूनच आलाय. २० अँगस्ट्रॉमवर अडकलेला, कडेला केसाळ किरणं फुटलेला वर्ग टाकून द्या.

दोन कणांमधलं किमान अंतर १००-१२० अँगस्ट्रॉम ठेवा. रिफाइनमेंटमध्ये (त्रिमितीय नकाशा सुधारताना) कणांची केंद्रं सरकतात, त्यामुळे नंतर पुन्हा एकदा दुबार कण काढा. एकच कण दोन्ही अर्ध्या संचांत गेला, तर एफएससी (दोन अर्ध्या संचांचे नकाशे किती जुळतात याचं माप) उगाच छान दिसतो. थ्रेशोल्ड (किती जुळलं की कण मानायचा, ती मर्यादा) मात्र पडद्यावर कण बघूनच ठरवा. जास्त डीफोकसच्या चित्रावर बेतलेला कमी डीफोकसला लागू पडेलच असं नाही. कार्बनची कड आणि बर्फाचे स्फटिक जोरात जुळतात, ते भाग आधीच वगळा. बॉक्स (कणाभोवती कापायचा चौकोन) व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. २८८ पिक्सेल घ्या, २८३ नको (मूळ संख्येवर फूरिए रूपांतर रेंगाळतं).

प्रश्न : टेम्प्लेट बरोबर असूनही पिकर कण सोडून रिकाम्या जागा उचलतो.

उत्तर : कॉन्ट्रास्ट उलटा असेल. मायक्रोग्राफमध्ये कण काळे, टेम्प्लेटमध्ये बहुधा पांढरे असतात. दोन्हींचा कॉन्ट्रास्ट जुळतो का ते तपासा, मग पिक्सेल साइझ.

प्रश्न : त्यापेक्षा टोपाझ (टिपून दिलेल्या कणांवरून शिकणारा पिकर) वापरलं तर?

उत्तर : जरूर वापरा. चित्रातले सगळे कण टिपायची गरज नसते, कारण न टिपलेली जागा ते ‘कण नाही’ असं धरत नाही. पण मायक्रोग्राफमागे किती कण अपेक्षित आहेत, तो आकडा मोजून द्या, अंदाजपंचे नको. आणि हाताने निवडताना देखण्या बाजूचेच कण टिपू नका. टोकाकडून दिसणारे लहान, गोलसर कण कचऱ्यासारखे वाटतात. ते सुटले की नकाशा एका दिशेने ताणला जातो, आणि मग लोक ग्रिडला (नमुना ठेवायच्या जाळीला) दोष देत बसतात.