वाचक विचारतात : सिनाईचा तह टिकला, मग लितानीचा ठराव का टिकला नाही?

प्रश्न : इस्राएल बहुतेक वेळा आधी वार का करतो? नुसता बचाव पुरत नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी नकाशा पाहा. १९४९च्या युद्धबंदी रेषेप्रमाणे नेतान्या शहराजवळ समुद्रापासून सरहद्दीपर्यंत देशाची रुंदी जेमतेम १५ किलोमीटर होती. मागे हटून लढायला जागाच नाही. त्यात खडं सैन्य लहान आणि खरी ताकद राखीव सैनिकांत. ऑक्टोबर २०२३ मध्ये काही दिवसांत तीन लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले गेले. म्हणजे तितके शिक्षक, सुतार, इंजिनिअर कामावरून उठले. युद्ध लांबलं की शत्रूआधी स्वतःचेच कारखाने बसतात. म्हणून पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या काळापासून सूत्र ठरलं : जरब, आगाऊ इशारा आणि झटपट निकाल, तोही शत्रूच्या भूमीवर. ‘बचाव’ हा चौथा खांब माजी मंत्री दान मेरिडोर यांच्या समितीने २००६ मध्ये जोडला.

यातला सगळ्यात नाजूक खांब इशाऱ्याचा. लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं मिळेपर्यंत इजिप्त लढणार नाही, असं १९७३ मध्ये इस्राएली लष्करी गुप्तहेर खात्याने धरून ठेवलं होतं. खुणा दिसत होत्या, पण त्या या समजुतीत बसवून घेतल्या गेल्या, आणि इजिप्तने अचानक हल्ला केला. ७ ऑक्टोबर २०२३ला तेच झालं. गाझाभोवतीचं सुमारे ६५ किलोमीटरचं कुंपण डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झालं होतं, जमिनीखाली संवेदकही होते. हमासने ड्रोनमधून स्फोटकं टाकून टेहळणी मनोऱ्यांवरचे कॅमेरे आणि दूरनियंत्रित मशीनगन निकामी केल्या आणि मग कुंपण फोडलं. कुंपणामागे पुरेसं सैन्य नव्हतं, कारण हमास मोठ्या लढाईला तयार नाही ही समजूत पक्की होती. त्या दिवशी सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझात जे युद्ध झालं, त्यातल्या मृतांची संख्या गाझाच्या आरोग्य खात्याप्रमाणे जुलै २०२५ मध्येच ६०,०००च्या पुढे गेली. झटपट निकालाचं सूत्र तिथे पार कोसळलं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : गाझात एवढं होऊनही इजिप्तबरोबरचा तह मोडला कसा नाही?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कारण त्या तहात सदिच्छांपेक्षा आकडे जास्त आहेत. २६ मार्च १९७९ला सही झाली आणि २५ एप्रिल १९८२ला इस्राएलने १९६७ मध्ये इजिप्तकडून जिंकलेलं सिनाईचं वाळवंटी द्वीपकल्प रिकामं केलं. जोडपत्रात जमिनीचे चार पट्टे आखले आहेत. सुएझ कालव्यालगतच्या ‘अ’ पट्ट्यात इजिप्तची एकच डिव्हिजन, फार तर २२,००० माणसं आणि २३० रणगाडे. मधल्या ‘ब’ पट्ट्यात हलक्या शस्त्रांच्या चार सीमा बटालियन, ४,००० माणसं. सरहद्दीलगतच्या ‘क’ पट्ट्यात फक्त इजिप्तचे मुलकी पोलीस आणि आंतरराष्ट्रीय पथक. ‘ड’ पट्टा इस्राएलच्या बाजूला, तोही बंधनात : पायदळाच्या चार बटालियन, ४,००० माणसं. इजिप्तचा एखादा रणगाडा ‘ब’ पट्ट्यात दिसला, तर हेतू काय यावर वाद घालावा लागत नाही. उल्लंघन झालेलंच असतं. आणि कैरोहून चिलखती फौज निघाली, तर वाळवंट ओलांडेपर्यंत इस्राएलला राखीव सैनिक गोळा करायला वेळ मिळतो. सिनाई परत देऊनही इशाऱ्याचा वेळ हातात राहिला, ही या तहाची खरी कमाई.

तपासणी कोण करतं, हेही तितकंच महत्त्वाचं. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार आडवा येणार हे दिसल्यावर संयुक्त राष्ट्रांबाहेर वेगळं बहुराष्ट्रीय निरीक्षक दल उभारलं गेलं. मुख्यालय रोममध्ये, खर्चाचा भार इजिप्त, इस्राएल आणि अमेरिका यांच्यावर सारखा. तपासणी महिन्यातून किमान दोनदा. कोणी तक्रार केली तर ४८ तासांत. तहात लवचीकपणाही आहे : दोघांची संमती असेल तर बंधनं बदलता येतात. सिनाईत ‘इस्लामिक स्टेट’शी लढताना इजिप्तने ‘क’ पट्ट्यात जादा सैन्य आणलं, ते याच वाटेने. मे २०२४ मध्ये इस्राएलने गाझा-इजिप्त सीमेवरचा १४ किलोमीटरचा फिलाडेल्फी पट्टा ताब्यात घेतला, तेव्हा कैरोने कडक निषेध केला. पण तह मोडला नाही.

प्रश्न : मग दक्षिण लेबनॉनमध्ये हेच का जमलं नाही?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : इस्राएल आणि लेबनॉनमधली सशस्त्र शिया संघटना हिजबुल्ला यांच्या युद्धानंतर सुरक्षा परिषदेने केलेल्या ऑगस्ट २००६च्या ठराव १७०१ने दक्षिण लेबनॉनमधल्या लितानी नदीपासून सरहद्दीपर्यंत लेबनॉनचं सैन्य आणि संयुक्त राष्ट्रांचं दल सोडून कोणाकडेही शस्त्रं नसावीत, असं सांगितलं. दलाची मर्यादा १५,००० सैनिक. भारतीय बटालियननेही त्यात काम केलं आहे. पण दलाचं काम लेबनॉनच्या सैन्याला ‘साह्य’ करण्याचं. खासगी घरात शिरायचं तर आधी लेबनॉनचं सैन्य सोबत हवं, आणि ते सैन्य हिजबुल्लाशी उघड भिडायला तयार नव्हतं. ज्यांनी शस्त्रं ठेवायची नव्हती, त्या हिजबुल्लाचं सरकारात वजन होतं, पण लष्करी जबाबदारी तिच्यावर कोणी टाकली नव्हती. तह दोन राज्यांत होतो. इथे तिसरा पक्ष कागदाबाहेर राहिला. इस्राएली विमानंही लेबनॉनच्या हद्दीत घिरट्या घालत राहिली, म्हणून लेबनॉनची तक्रारही खोटी म्हणता येत नाही. इस्राएल-हिजबुल्ला यांच्यातल्या २७ नोव्हेंबर २०२४च्या युद्धबंदीत अमेरिकेच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. तरी फेब्रुवारी २०२५ नंतरही इस्राएलने दक्षिण लेबनॉनमधली पाच ठाणी सोडली नाहीत.

प्रश्न : आयर्न डोम हे रॉकेटविरोधी कवच असताना राजनयाची गरज काय? आणि आपलं बराक-८ म्हणजे तेच का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. बराक-८ डीआरडीओ आणि इस्राएल एरोस्पेस यांनी मिळून केलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘कोलकाता’ वर्गाच्या विनाशिकांवर ते विमानं आणि क्रूझ क्षेपणास्त्रं पाडण्यासाठी आहे. आयर्न डोम ४ ते ७० किलोमीटरवरून येणाऱ्या रॉकेटसाठी. एका तुकडीत तीन-चार प्रक्षेपक, प्रत्येकात २० तामीर क्षेपणास्त्रं. रडार आधी रॉकेट कुठे पडणार याचा हिशेब करतं. ओसाड जागी पडणार असेल तर सोडून देतं. हा हिशेब नसता तर साठा लवकर संपला असता, कारण एका तामीरची किंमत ४० ते ५० हजार डॉलर सांगतात आणि समोरचं साधं रॉकेट काही शे डॉलरचं. एकदम खूप रॉकेटं आली की कवच अपुरं पडतं. गाझालगतच्या स्देरोतमध्ये भोंगा वाजल्यावर सुरक्षित खोलीत पोचायला १५ सेकंद मिळतात. म्हातारं माणूस खाटेवरून उठेपर्यंत ते संपतात.

राजनयाचा उपयोग १३-१४ एप्रिल २०२४च्या रात्री दिसला. इराणने ३००हून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. ती रोखायला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्याबरोबर जॉर्डनही होता, ज्याच्या आकाशातून ड्रोन येत होते. १९९४चा वादी अराबा करार, म्हणजे इस्राएल-जॉर्डन शांतता करार नसता, किंवा २०२१ मध्ये इस्राएलला अमेरिकी लष्कराच्या मध्यपूर्व सांभाळणाऱ्या मध्य कमांडच्या कक्षेत आणलं नसतं, तर हा मेळ बसणं कठीण होतं. ड्रोनला इराणहून पोचायला काही तास लागतात, तेवढ्यात फोन करता येतात. १ ऑक्टोबर २०२४ला मात्र सुमारे २०० बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं आली. ती काही मिनिटांतच पोचतात आणि त्यातली बरीच दक्षिण इस्राएलमधल्या नेवातिम हवाई तळाच्या आवारात पडली.