होस्ट्याचे हिरवे कोंब

प्रश्न : न्यू जर्सीत मेपलखाली पांढऱ्या कडांचा ‘पॅट्रियट’ जातीचा होस्टा (सावलीत वाढणारं, शोभेच्या पानांचं झाड) लावलाय. यंदा काही कोंब पूर्ण हिरवे आलेत. राहू देऊ का? पुण्यात बहिणीकडे तो जगेल का?

उत्तर : अजिबात राहू देऊ नका, ताई! पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही. त्यामुळे हिरवा कोंब जोर धरतो आणि हळूहळू सगळा गड्डा व्यापतो. माती बाजूला सारा, कोंब कुठून फुटलाय ते बघा आणि धारदार सुरीने मुळासकट कापून काढा. नुसती पानं खुडलीत तर तो पुन्हा फुटेल. मेपलची उथळ मुळं पाणी ओढून घेतात, तेव्हा पाणी सावकाश, खोलवर मुरू द्या. दुपारचं ऊन मात्र टाळा, पांढऱ्या कडाच आधी करपतात.

पुण्यात नको. कडक थंडीत विश्रांती मिळाल्याशिवाय होस्टा नीट फुटत नाही. बहिणीला सावलीच्या जागी कॅलेडियम, म्हणजे रंगीत पानांचं शोभेचं झाड, लावायला सांगा.