समीकरण मांडेपर्यंत सूत्र आठवू नकोस

प्रिय मित्रा,

'फिजिक्सच्या वर्गात सगळं समजतं, पण गणित समोर आलं की हात चालत नाही,' असं तू लिहिलंस. पहिल्या वर्षी माझीही हीच गत होती. गतीची तीन समीकरणं तोंडपाठ होती, म्हणून पहिल्या चाचणीत ती स्प्रिंगला टांगलेल्या ठोकळ्यालाही लावून मोकळा झालो. ती समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच खरी. स्प्रिंगचं बल तर ठोकळा हलला की बदलतं. त्या प्रश्नाला भोपळा मिळाला, तो योग्यच होता.

आता एक कर. त्वरण स्थिर धरून दोनदा इंटिग्रेशन कर आणि ती समीकरणं स्वतः काढ. इंटिग्रेशनचा जो स्थिरांक आपण सवयीने शेपटासारखा जोडतो, तो इथे सुरुवातीचा वेग आणि सुरुवातीची जागा होऊन समोर येतो. अट कुठे वापरली तेही दिसतं, आणि अट मोडली की सूत्र सोडायचं हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

अट मोडणारं सोपं उदाहरण म्हणजे दाट तेलात सोडलेली बारीक गोळी. (तेलाचं उत्प्लावक बल तूर्त विसर.) खाली ओढणारं वजन, वर ढकलणारा वेगाच्या प्रमाणातला विरोध, दोन्हींची वजाबाकी म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्वरण. एवढं मांडलंस की खरं काम झालं. पण सोडवायच्या आधीच उत्तराचा अंदाज घे. सुरुवातीला वेग शून्य, म्हणून विरोधही शून्य, म्हणून त्वरण गुरुत्वाचंच. बऱ्याच वेळाने विरोध वजनाइतका होणार आणि वेग वाढायचा थांबणार. वस्तुमान भागिले विरोधाचा गुणांक, याची मिती काढून बघ: सेकंद येतात! तेवढ्या वेळात गोळी अंतिम वेगाच्या सुमारे ६३ टक्क्यांवर पोचते. तुझं उत्तर या दोन टोकांना जुळत नसेल, तर पान उलटू नकोस, चूक शोध.

बहुतेक चुका मात्र कॅल्क्युलसमध्ये नसतात, त्या आकृतीत असतात. फ्री बॉडी डायग्राम (एका वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढताना प्रत्येक बाणाला विचार, 'तुला कोण लावतंय?' पृथ्वी, दोरी, पृष्ठभाग, काहीतरी सांगता आलं पाहिजे. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राकडे जाणारा 'केंद्राभिमुख बल' असा वेगळा बाण काढणाऱ्याला याचं उत्तर देता येत नाही, कारण ते आहेत त्याच बलांच्या बेरजेचं नाव आहे. लंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो ते बल) नेहमी वजनाइतकी नसते, आणि स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू घसरायच्या आधीचं घर्षण, लागेल तेवढंच असतं. गुणांकाने फक्त त्याची कमाल मर्यादा ठरते.

न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात बहुतेक सिद्धता भूमितीच्या भाषेत मांडल्या. आपल्या हाती कॅल्क्युलसचं त्याहून सोयीचं हत्यार आहे, तरी आकृतीला पर्याय नाही.

सोडवलेली उदाहरणं नुसती वाचण्यात फारसा अर्थ नाही. वही झाकून पुन्हा मांड, अडलास तर एकच ओळ बघ.

आता हे कर. दोरीला बांधलेला गोळा दोरी आडवी ताणून सोडला. अगदी तळाशी दोरीतला ताण किती? उत्तर वजनाच्या तिप्पट येईल, ते मीच सांगून टाकतो. दोरीची लांबी त्यात का उरत नाही, ते आकृतीसकट लिहून पाठव.

तुझा,
दादा