भूमी उपयोजन की भूआच्छादन?

'शहरांतील उष्णता बेटे भूमी उपयोजनामुळे तयार होतात' या वाक्यात 'उपयोजना'ऐवजी 'आच्छादन' हा शब्द चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. (उष्णता बेट म्हणजे भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा अधिक तापलेला शहरी भाग.) माझ्या मते तेथे 'आच्छादन' हाच शब्द अधिक नेमका आहे.

उपयोजन म्हणजे जमीन ज्या कामासाठी राखली किंवा वापरली जाते ते काम. आच्छादन म्हणजे तिच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष जे असते ते, मग ते गवत असो, पाणी असो, डांबर असो की काँक्रीट. क्रीडांगणाचेच पाहा. खरे गवत काढून तेथे कृत्रिम गवत अंथरले, तरी नकाशावर ते क्रीडांगणच राहते; परंतु खऱ्या गवतातून एक किलो पाणी बाष्परूपाने बाहेर पडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, आणि कृत्रिम गवताला घाम फुटत नसल्यामुळे तीच ऊर्जा पृष्ठभाग व त्यावरची हवा तापवते. म्हणजे उपयोजन जागच्या जागी राहिले आणि तापमान मात्र बदलले.

स्ट्यूअर्ट आणि ओक या संशोधकांनी २०१२ मध्ये उष्णता बेटांच्या अभ्यासासाठी परिसरांचे जे १७ प्रकार सुचवले, त्यांतले १० बांधीव आणि ७ भूआच्छादनाचे आहेत. बांधीव प्रकारही मुख्यतः इमारतींची उंची, दाटी आणि पृष्ठभाग यांवरून पाडलेले आहेत. त्यांतला 'अवजड उद्योग' हा प्रकार तेवढा उपयोजनाकडे झुकतो, आणि ते योग्यच आहे, कारण यंत्रे, वाहने व वातानुकूलक यांतून बाहेर पडणारी उष्णता जमिनीवर काय अंथरले आहे यावर नव्हे, तर तेथे काय चालते यावर अवलंबून असते. त्या उष्णतेविषयी लिहिताना 'उपयोजन' म्हणण्यास हरकत नाही.

'बेट' या शब्दाबद्दलही त्या वाचकाला शंका आहे. शहराभोवतीच्या समताप रेषा नकाशावर बेटाच्या समोच्च रेषांप्रमाणे बंद वळणांच्या दिसतात, म्हणून तो शब्द शोभतो. (बांबूचे बेट मात्र गारवा देते, हा मराठीतला योगायोग गमतीचा आहे.)

नियोजनाच्या आराखड्याविषयी लिहिताना 'भूमी उपयोजन' हाच शब्द ठेवावा, कारण आराखड्यात मुख्यतः जमिनीचा वापर ठरतो. त्या वापरासाठी किती माती झाकायची आणि किती झाडे राखायची, हे सांगणारा नियम आच्छादनाचा असतो.