आधी तिथी, मग गाव: कुटुंबाच्या सहलींबद्दल वाचकांचे प्रश्न

‘कुठे जावं?’ हे बहुतेक पत्रांत असतं. ‘कधी आणि किती वाजता?’ हे क्वचितच कुणी विचारतं. खरं तर लहान मुलं आणि वडीलधारी माणसं सोबत असली की सहल ठरते ती वेळेवरच. म्हणून यावेळी त्याच अंगाने उत्तरं देत आहोत.

प्रश्न: अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, असं ऐकून गेलो होतो. दुपारी बारा वाजता पूर्ण ओहोटी आहे, असं तिथल्या माणसांनी सांगितलं, पण तेव्हाही पाणी कमरेच्या खाली जाईना. मुलांना घेऊन परत फिरलो. आता आजीलाही न्यायचंय. आमचं काय चुकलं? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: ओहोटीची वेळ बरोबर होती, दिवस चुकला. बाराच्या सुमारास ओहोटी म्हणजे तिथी अष्टमीच्या आसपासची असणार. त्या दिवसांत समुद्राला भांग असतो. म्हणजे भरतीला पाणी फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण असतं. उधाणात पाणी जितकं वर चढतं, तितकंच ते खाली ओसरून वाट मोकळी करतं.

वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब अजूनही उपयोगाचा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास आणि दहा-बारा मिनिटं मिळवा, की सकाळी सव्वानऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, हेच त्यात बसवलेलं आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, भांगाच्या दिवसांत त्याहूनही जास्त. म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा.

आता तुमच्यासाठी नेमका दिवस. पौर्णिमेला पाणी उत्तम ओसरतं, पण ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते. दोन्ही वेळा मुलांच्या सोयीच्या नाहीत. द्वितीया ते चतुर्थी मात्र सोन्यासारखे दिवस. उधाणाचा जोर असतो आणि पूर्ण ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. त्याच्या तासभर आधी चालायला लागा आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात परतीला निघा.

ही घाई कशासाठी, तेही सांगतो. पाणी एका लयीत चढत नाही. भरतीच्या सहा तासांतल्या पहिल्या तासात ते एकूण उंचीच्या फक्त बाराव्या हिश्शाने वाढतं, दुसऱ्यात दोन हिश्शांनी, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी तीन हिश्शांनी. उधाणात भरती-ओहोटीचा फरक चार मीटर धरला, तर त्या मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी चढतं. पहिल्या तासात ‘पाणी तर जागचं हललंही नाही’ असं वाटून लोक किल्ल्यात रेंगाळतात आणि अडकतात.

आजींसाठी घोडागाडी घ्या. ओहोटीच्या वेळी ती किल्ल्यापर्यंत जाते. वाटेत शेवाळलेले खडक आणि त्यांवर चिकटलेले धारदार शिंपले असतात, म्हणून अनवाणी नको आणि गुळगुळीत तळाच्या चपलाही नकोत. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल सगळ्यांत बऱ्या.

प्रश्न: मुलांना समुद्रात किती आत जाऊ द्यावं? पोहता येणारी माणसंही बुडतात, ती का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: दहा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या गुडघ्यापर्यंत, तेही मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. हे अंतर महत्त्वाचं आहे. किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही.

पोहणारे बुडतात ते ओढीमुळे. लाटांनी किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं आणि त्या पट्ट्यात जोरात आत ओढ लागते. फसवं हे, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे तीच जागा शांत आणि सुरक्षित दिसते. पाण्याचा रंग गडद असेल, दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतील आणि मधला फेस आत सरकताना दिसत असेल, तर तिथे उतरू नका. खाडीचं तोंड आणि खडकांच्या कडा कायमच्या वर्ज्य. ओहोटी सुरू असताना तर मुळीच नाही.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारू नका. तिथेच दम संपतो आणि माणूस बुडतो. पाठीवर तरंगा, ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका आणि मग लाटांबरोबर बाहेर या. वाचवायला दुसऱ्याने उडी घालू नये. हात धरून माणसांची साखळीही करू नये. दोरी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन फेका आणि ११२ ला फोन करा.

आणखी एक. उथळ, गढूळ पाण्यात वाळूखाली शेपटीला विषारी काटा असलेला पाकट मासा बसलेला असू शकतो. पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चाललं की तो स्वतःच दूर जातो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना बरीच उतरते. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल. काटा आत राहिला असेल किंवा तो पोटात-छातीत लागला असेल, तर उपटत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न: गाडी वाळूवर नेली तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नेऊ नका. अनेक किनाऱ्यांवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ओली वाळू चालत्या गाडीखाली घट्ट लागते; गाडी थांबली की चाकाखाली पाणी जमून वाळू सैल होते आणि चाक रुततं. मग एक्सिलरेटर दाबला की ते आणखी खोल जातं, तेवढ्यात भरती येते.

प्रश्न: जुलैत धबधब्याखाली मुलांना भिजवायचंय. पाणी गुडघ्याइतकंच असेल तर काय हरकत आहे? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर: हरकत आहे, कारण तुमच्या डोक्यावर पडणारा पाऊस आणि तुमच्या पायाशी येणारं पाणी यांचा संबंध नसतो. पाणी येतं ते वरच्या डोंगरातून. तिथे ढग बरसला आणि खाली कोरडं असलं, तरी लोंढा काही मिनिटांत पोचतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाढलं.

प्रवाहाच्या मधल्या खडकावर कधीच थांबू नका. फोटोसाठीही नाही. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, की सामान तिथेच टाकून काठावर चढा. मुलांना भिजवायचंच असेल तर रस्त्याकडेच्या छोट्या झऱ्याशी भिजवा, पण आधी वर बघा. दरडीखाली, जिथे ताजी माती-दगड पडलेले दिसतील तिथे नको.

प्रश्न: कासला फुलांसाठी कोणत्या आठवड्यात जावं? एकाच दिवसात कास, बामणोली आणि ठोसेघर होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहर असतो, पण तारीख पाऊस ठरवतो. फुलं एकदम येत नाहीत, पाळीपाळीने येतात. पांढरे गेंद, जांभळट निळी सीतेची आसवं, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी: दहा-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग बदललेला असतो. मुलांसोबत जायला सप्टेंबरचे मधले दोन आठवडे चांगले, कारण तेव्हा बरेच रंग एकत्र सापडतात. सलग उघडीप किंवा सलग झड असेल तर आठवडाभर पुढे-मागे होतं.

जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो आणि त्यात नत्र कमी. म्हणून सीतेची आसवं आपल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेऊन पोट भरतात, तर दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. साधं भिंग सोबत न्या. मुलं एका चौरस फुटात अर्धा तास रमतात. फुलांच्या पट्ट्यात पाय ठेवू नका. त्या पातळ मातीतलं रोप तुडवलं गेलं तर बी धरत नाही आणि पुढच्या वर्षी ती जागा उघडी पडते.

शनिवार-रविवार टाळा, ऑनलाइन नोंदणी आधी करा, सकाळची पहिली वेळ घ्या. साताऱ्याहून अंतर साधारण २५ किलोमीटर, पण यवतेश्वरच्या घाटात धुकं दाट असतं. हेडलाइट खाली पाडूनच चालवा. उंच प्रकाश धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. बामणोली त्याच रस्त्याने पुढे आहे, ते जमेल. ठोसेघर साताऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, सज्जनगडाच्या वाटेवर. ते वेगळ्या दिवशी ठेवा.

प्रश्न: घाट लागला की मुलीला गाडी लागते. (एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: निघण्याआधी दूध आणि तेलकट पदार्थ टाळा, पण पोट रिकामंही ठेवू नका. कोरडी पोळी किंवा भाकरीचा तुकडा पुरे. मोबाइल आणि पुस्तक बंद. कान आतून हलणं सांगतो आणि डोळे समोरची स्थिर अक्षरं दाखवतात, त्या गोंधळातून मळमळ होते. तिला खिडकीतून लांबवर बघायला सांगा, काच थोडी उघडी ठेवा. बारा वर्षांची झाली नसेल तर पुढच्या सीटवर मात्र बसवू नका. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना वजन सांगून मात्रा विचारा आणि ते घाटाच्या पायथ्याशी नाही, निघण्याआधी अर्धा तास द्या. गाडी चालवणाऱ्याने उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहावं. सारखे ब्रेक लागले नाहीत तर गाडी हिसके देत नाही आणि ब्रेकही तापत नाहीत.