कोट्यवधींतला एक रुपया

विटा, जि. सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सांगलीत तुला दाखवलेल्या रुपयाचे दोन्ही बाजूंचे फोटो मिळाले. पंचम जॉर्जचा, 1918 सालचा चांदीचा रुपया. दुकानदार त्यातल्या चांदीच्या मोलाच्या जवळजवळ तिप्पट मागतो आहे, कारण ‘शंभर वर्षांचा आहे, पुन्हा मिळायचा नाही’, आणि पहिल्या पगारातून तो घ्यावा का, असे तू विचारले आहेस. या भावाला घेऊ नकोस. नाणे खोटे आहे असे मी म्हणत नाही, फोटोवरून तरी ते खरे दिसते. पण ‘पुन्हा मिळायचा नाही’ हे जे तुला सांगितले गेले, ते मुळीच खरे नाही.

1918 सालाचीच गोष्ट घे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात रुपयांची मागणी इतकी वाढली होती की टांकसाळींना चांदी पुरेना. तेव्हा अमेरिकेने त्याच वर्षी पिटमन कायदा करून आपले सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारला विकली, ती इकडचे रुपये पाडण्यासाठी. कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही टांकसाळींतून त्या काळात कोट्यवधी रुपये बाहेर पडले. लोकांनी ते उतरंडीत, देव्हाऱ्यात आणि लेकीच्या लग्नासाठी बांधलेल्या गाठोड्यात जपून ठेवले, म्हणून आजही आपल्या जिल्ह्यात लक्ष्मीपूजनाला घरोघरी असा एखादा बंदा रुपया निघतो. नाण्याचे वय आणि नाण्याची दुर्मिळता या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. याच राजाचा 1911 सालचा रुपया पाहा: राजाच्या अंगावरच्या पदकमालेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सरकारने बहुतेक नाणी वितळवली आणि 1912 पासून सुधारलेला हत्ती आला. त्या ‘डुक्कर रुपया’ला संग्राहक जास्त किंमत देतात ती तो सात वर्षांनी जुना आहे म्हणून नव्हे, तर थोडे उरले म्हणून. 1939 चा रुपया वयाने धाकटा असूनही फार दुर्मिळ आहे, आणि त्यामुळेच त्याच्या नकलाही बाजारात फिरतात.

आता हिशेब. 1835 च्या कायद्याने रुपयाचे वजन 180 ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन, म्हणजे बारा भागांत अकरा भाग, असे ठरले आणि ते प्रमाण 1939 पर्यंत टिकले. आजच्या मापात हे वजन 11.66 ग्रॅम आणि आतली शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम भरते. समजा चांदीचा भाव किलोला 1 लाख रुपये आहे, तर नाण्यातल्या चांदीचे मोल 1,069 रुपये. भाव दुप्पट असेल तर हा आकडाही दुप्पट कर. येथे एक गोष्ट ध्यानात ठेव. दुकानदार ‘एक तोळ्याचा रुपया’ म्हणतो ते जुन्या, 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने बरोबरच आहे, पण आज पेढीवर तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात, आणि या दोन तोळ्यांच्या घोळात गिऱ्हाईक शुद्ध चांदीचा हिशेब करायचेच विसरते. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, म्हणजे 5.83 ग्रॅम. 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे; त्याला लोहचुंबक लावून पाहा, चिकटेल.

खरेखोटे पाहताना मात्र चुंबकावर विसंबू नकोस, कारण पितळेला किंवा तांब्याला चांदीचा मुलामा दिला तरी चुंबक काही सांगत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा घे. वापरून झिजलेला रुपया 11.5 ग्रॅमच्या आसपास भरला तर मी हरकत घेणार नाही, पण दहा-साडेदहाच भरला तर हात जोडून परत कर. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलके टिचकारले की खणखणीत आणि लांबत जाणारा आवाज येतो; साच्यात ओतलेले बद्द वाजते, आणि त्याच्या कडेवर भिंगातून सांधा दिसतो.

कडेकडे पाहायला मी एका फसगतीनंतर शिकलो. कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, भट्टीवर असताना मी 1862 चा राणीछाप रुपया चांगले पैसे मोजून घेतला होता. रात्री भिंगाखाली धरला तेव्हा राणीच्या मुकुटाच्या वर, कडेला, अर्ध्या तांदळाएवढा राखाडी ठिपका दिसला आणि तेवढ्याच जागी कडेच्या खाचा बुजलेल्या होत्या. तो कधीकाळी कोणा माउलीच्या गळ्यातल्या माळेत होता. त्याला झाळलेली कडी काढून, जागा घासून, नाणे पुन्हा नाणे म्हणून विकले होते. चांदी पूर्ण होती, पण संग्राहकाच्या दृष्टीने तो निम्म्यानेही उरला नव्हता. शिवाय 1862 हे साल असलेले रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते, म्हणजे मी मोठ्या अभिमानाने सांगत असलेले वयसुद्धा पक्के नव्हते.

तुझ्या फोटोतल्या नाण्याबद्दल मला दुसरीच शंका आहे. त्याचा गाल आणि मुकुट झिजून सपाट झालेत, आणि तरी सारे नाणे एकसारखे लखलखते. एवढ्या झिजेबरोबर अशी लकाकी असत नाही. कोणीतरी ते चिंच-राखेने किंवा पावडरीने घासले आहे. काळसर पडलेले, हात न लागलेले नाणे अशा चकचकीत नाण्यापेक्षा केव्हाही बरे, आणि तू पुढे जे घेशील ते मुळीच घासू नकोस.

या व्यवहारात विकायची वेळही आधी डोळ्यांपुढे आणावी. उद्या गरज पडली आणि हा रुपया पेढीवर नेलास, तर सराफ तो मोडीच्या भावाने, घट धरूनच घेईल; साल वाचून जास्त पैसे देणारा संग्राहक अशा सर्रास मिळणाऱ्या, झिजलेल्या नाण्याकडे वळत नाही. फोनवर ‘रिझर्व्ह बँकेमार्फत लाखो रुपये मिळवून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांना एक पैसाही भरू नकोस. बँक अशा व्यवहारात नाही, असा इशारा तिने स्वतःच 2021 मध्ये दिला आहे. आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते, तेव्हा ते परदेशातल्या मित्राला भेट म्हणून धाडायचा विचारही करू नकोस.

मी तीस वर्षे मुशीत चांदी ओतली. गोण्यांनी आलेले रुपये साल न वाचता आत जात. टाकणखार टाकला की राजाचा चेहरा आधी तांबूस होई आणि मग कडेने ढळू लागे. त्यांतला प्रत्येक वाचायला हवा होता, असे आज वाटते. म्हणून तुला हौस लागली याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तू एक रुपया जरूर घ्यावास असेच मला वाटते: न घासलेला, कड साबूत असलेला, त्या दिवशीच्या चांदीच्या मोलापेक्षा फार तर पाचव्या हिश्श्याने महाग. त्या दुकानदाराला एवढाच भाव सांगून पाहा आणि न घासलेले दुसरे नाणे आहे का ते विचार. नाही म्हणाला तर रविवारी विट्याला ये. माझ्याकडे काटा आणि भिंग आहे, आणि आपल्याच गल्लीत तिघा-चौघांच्या देव्हाऱ्यात असे रुपये आहेत. विकत नाही देणार कोणी, पण हातात घेऊन पाहू देतील.

तुझा,
काका